'कम्युनिटी हब' मोजायचा कसा? हेलसिंकीच्या 'ओदी' ग्रंथालयाच्या निमित्ताने

सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर तुम्ही 'आधुनिक मध्यवर्ती ग्रंथालय हे समाजाचं केंद्र असतं' असं वाक्य लिहिलंत, की समितीतला एखादा सदस्य चष्मा वर करून विचारणारच : "कशावरून?" आणि बहुतेक वेळा आपल्याकडे उत्तर नसतं. आपण ते वाक्य कुठल्या तरी लेखात वाचलेलं असतं, पटलेलं असतं, म्हणून लिहिलेलं असतं. पटणं आणि सिद्ध होणं यांत फरक आहे, आणि पीएचडीची चार-पाच वर्षं बरीचशी त्या फरकातच जातात.

म्हणून या लेखात एकच काम करू या. 'कम्युनिटी हब' हा छान वाटणारा शब्द घेऊ, आणि त्याचं संशोधनाच्या प्रश्नात रूपांतर कसं करायचं ते एका खऱ्या इमारतीवर तपासू. इमारत आहे फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथली 'ओदी'. विषय ग्रंथालयशास्त्राचा असला, तरी समाजशास्त्र, वास्तुकला, लोकप्रशासन यांतल्या विद्यार्थ्यांनाही ही पद्धत तशीच वापरता येईल.

आधी इमारत समजून घेऊ

ओदी हे हेलसिंकीचं नवं मध्यवर्ती ग्रंथालय. ते ५ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी खुलं झालं. देशाच्या स्वातंत्र्याला २०१७ मध्ये शंभर वर्षं झाली, त्या निमित्ताने हाती घेतलेला हा प्रकल्प. क्षेत्रफळ सुमारे १७,२५० चौरस मीटर, खर्च सुमारे ९.८ कोटी युरो. आराखड्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिच्यात ५४४ प्रवेशिका आल्या आणि २०१३ मध्ये हेलसिंकीच्याच 'एएलए आर्किटेक्ट्स' या संस्थेचा आराखडा निवडला गेला.

जागा कुठली? समोर मोकळा चौक, चौकापलीकडे संसद, आणि चार पावलांवर मध्यवर्ती रेल्वे स्टेशन. ही जागा लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच आपली गाडी अडणार आहे.

तीन मजले, आणि तिघांचे स्वभाव वेगळे. तळमजला म्हणजे झाकलेला चौकच : उपाहारगृह, चित्रपटगृह, सभागृह, चौकशीची जागा. कोणीही यावं, कारण सांगायची गरज नाही. दुसरा मजला कामाचा : शिलाई मशिन, थ्री-डी प्रिंटर, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या, स्वयंपाकघर, गटाने बसायच्या खोल्या. तिसऱ्या मजल्यावर पुस्तकं, मुलांचा विभाग, आणि संसदेकडे तोंड असलेली मोठी बाल्कनी.

आता आकडा बघा. एवढ्या मोठ्या इमारतीत पुस्तकं सुमारे एक लाख. 'मध्यवर्ती ग्रंथालय' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, त्या मानाने हे कमीच. हे कसं चाललं? कारण हेलसिंकी आणि शेजारच्या शहरांची ग्रंथालयं एका जाळ्यात जोडलेली आहेत. पुस्तक दुसऱ्या शाखेत असलं तरी मागवता येतं. म्हणजे संग्रह संपूर्ण जाळ्यात पसरला आणि मध्यवर्ती इमारतीतली जागा माणसांसाठी मोकळी झाली. ओदीची नक्कल करायला निघालेल्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट सुटते. दिसते ती इमारत. तिच्यामागचं जाळं दिसत नाही. जाळं नसताना पुस्तकं कमी केलीत, तर हातात उरेल फक्त पुस्तकं कमी असलेलं ग्रंथालय.

रचनेमागचे तीन निर्णय

पहिला निर्णय कायद्याचा. फिनलंडचा सार्वजनिक ग्रंथालयांचा नवा कायदा १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. त्यात ग्रंथालयाची कामं सांगताना संग्रह आणि वाचन यांच्या जोडीला शिकण्यासाठी, छंदासाठी, कामासाठी आणि नागरी उपक्रमांसाठी जागा देणं, तसंच सामाजिक-सांस्कृतिक संवाद वाढवणं हीही कामं लिहिलेली आहेत. थोडक्यात, 'हब' होणं ही तिथे वास्तुविशारदाची हौस नव्हती. ते कायद्याने सोपवलेलं काम होतं.

दुसरा निर्णय लोकांना विचारण्याचा. आराखडा ठरण्याआधीच शहराने नागरिकांकडून दोन हजारांवर कल्पना गोळा केल्या, आणि २०१२ मध्ये एक लाख युरोचा छोटा निधी कुठल्या प्रयोगांवर खर्च करायचा हे लोकांबरोबर बसून ठरवलं. शिवाय बऱ्याच सेवा आधी लहान प्रमाणावर चालवून पाहिल्या गेल्या होत्या. स्टेशनजवळच्या टपाल इमारतीत २००५ पासून 'लायब्ररी १०' नावाची एक शाखा होती. तिथे संगीत, ध्वनिमुद्रण, कार्यक्रम असा प्रकार वर्षानुवर्षं चालला. ओदी आल्यावर ती शाखा बंद होऊन तिचं काम नव्या इमारतीत आलं. संशोधनाच्या भाषेत बोलायचं, तर पायलट स्टडी आधी झाली आणि मुख्य अभ्यास नंतर.

तिसरा निर्णय रचनेचा. इमारत दोन प्रचंड पोलादी कमानींवर पुलासारखी उभी आहे, त्या शंभर मीटरपेक्षा जास्त अंतर पेलतात. त्याचं एक कारण म्हणजे खालून कधी काळी रस्त्याचा बोगदा जाईल यासाठी जागा राखायची होती. पण फायदा दुसराच झाला : तळमजला जवळजवळ खांबांशिवाय मोकळा मिळाला. गोंगाटाचा चौक खाली, मधे कार्यशाळा, वर पुस्तकं. मधला मजला खालच्या आणि वरच्या मजल्यामध्ये उशीसारखा बसला. शांतता आणि गडबड एकाच छताखाली ठेवायची, तर 'शांतता राखा' ही पाटी पुरत नाही, मजलेच तसे रचावे लागतात.

सिद्धांत : उचलून चिकटवू नका, लावून पाहा

आता सैद्धांतिक चौकट. या विषयावर लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पहिल्यांदा रे ओल्डेनबर्ग यांच्या 'तिसऱ्या जागे'कडे धावतात. १९८९ च्या पुस्तकात त्यांनी म्हटलं की घर ही पहिली जागा, कामाचं ठिकाण दुसरी, आणि कट्टा, चहाचं दुकान, न्हाव्याचं दुकान यांसारख्या अनौपचारिक जागा तिसरी. अशा जागांची लक्षणंही त्यांनी दिली. त्यातली दोन ओदीला लावून पाहा. एक : तिथला मुख्य उद्योग गप्पा हा असतो. दोन : जागा साधी, दिखाऊपणा नसलेली असते.

झालं ना अवघड? तिसऱ्या मजल्यावर एकटा वाचत बसलेला माणूस गप्पा मारत नाही. आणि ९.८ कोटी युरोची, संसदेसमोरची इमारत साधी कशी म्हणायची? म्हणजे ग्रंथालय 'तिसरी जागा' आहे की नाही, हे गृहीत धरायचं विधान राहत नाही, तपासायचा प्रश्न होतो. सिद्धांत न बसणं ही अडचण वाटते खरी, पण तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथेच सापडू शकतं.

नॉर्वेचे राग्नार आउदुन्सन यांनी २००५ मध्ये मांडलेली कल्पना इथे जास्त कामाची आहे. त्यांच्या मते काही जागा आपल्यासाठी 'उच्च तीव्रतेच्या' असतात : आपला पक्ष, आपलं भजनी मंडळ, आपला क्रिकेटचा ग्रुप. तिथे आपण आपल्यासारख्यांनाच भेटतो. याउलट 'कमी तीव्रतेच्या' जागेत आपल्याहून वेगळी माणसं नुसती दिसतात, शेजारी बसतात, त्यांचे रस कळतात. मैत्री होईलच असं नाही. पण लोकशाहीला अशा ओझरत्या ओळखीचीही गरज असते, असा त्यांचा युक्तिवाद. या चष्म्यातून पाहिलं तर गप्प बसून वाचणारा माणूससुद्धा 'हब'चा भाग ठरतो.

पुढे २०१० मध्ये स्वानहिल्द ओबो, आउदुन्सन आणि आंद्रेआस वोरहाइम यांनी ओस्लोमधल्या तीन वस्त्यांत सर्वेक्षण करून ग्रंथालयातल्या 'भेटी'चे सहा प्रकार केले : चौकासारखं सहज भेटणं, वेगळ्या लोकांशी गाठ पडणं, सार्वजनिक चर्चेत भाग घेणं, मित्र-सहकाऱ्यांबरोबर मिळून काम करणं, गावातल्या इतर संस्था-उपक्रमांची माहिती मिळून पुढच्या भेटींचा रस्ता सापडणं, आणि संगणकावरून होणाऱ्या भेटी. बघा, एका ढोबळ शब्दाचे सहा मोजता येण्यासारखे तुकडे झाले. संकल्पना मोजण्याजोगी करणं म्हणतात ते हेच.

जागेची बाजू तपासायची असेल तर डेन्मार्कच्या हेन्रिक योकुमसन, कॅस्पर ह्वेनेगार्ड रास्मुसन आणि डोर्टे स्कॉट-हान्सन यांचं २०१२ चं 'चार अवकाशां'चं प्रारूप पाहा : प्रेरणा, शिक्षण, भेट आणि सादरीकरण. ओदीचे मजले या चौकटीत पटापट बसवता येतात, तो मोह होतोच. पण हे अवकाश म्हणजे चार खोल्या नव्हेत. एकाच शिलाई मशिनपाशी शिकणं, भेटणं आणि काही तरी घडवणं एकदम चालू असू शकतं. नकाशावर चार रंग भरून विश्लेषण संपत नाही.

गर्दी म्हणजे पुरावा नव्हे

ओदीला पहिल्या पूर्ण वर्षात तीस लाखांहून अधिक भेटी झाल्या. शहराची लोकसंख्या तेव्हा साडेसहा लाखांच्या आसपास होती. २०१९ मध्ये ओदीला जगातल्या सर्वोत्तम नव्या सार्वजनिक ग्रंथालयाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मग झालं ना सिद्ध?

नाही. आता ती जागा आठवा.

ग्रंथालय स्टेशनजवळ आहे. मग गर्दी रचनेमुळे, की ठिकाणामुळे? इमारत नवी आहे आणि जगभर गाजली आहे. त्यात पर्यटक किती, शहरातले नागरिक किती? बंद झालेल्या 'लायब्ररी १०'चे वाचक इकडे आले, ते 'नवे' धरायचे का? बाहेर बर्फ असताना माणूस ऊब शोधत आत आला, तर तो मोजायचा का? (शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर 'हो' आहे. पैसे न देता उबेत बसता येणं हे शहरातल्या फार थोड्या जागांना जमतं. पण असं उत्तर देताना आपली व्याख्या काय आहे, हे आधी लिहिलेलं असायला हवं.)

दारावरचं यंत्र फक्त एवढंच सांगतं की कोणी तरी आत आलं. आत येऊन काय झालं, आणि कोण आलंच नाही, हे ते सांगत नाही. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आणि जास्त दुर्लक्षित. ग्रंथालयात बसून ग्रंथालयाच्या वाचकांचं सर्वेक्षण केलंत, तर न येणाऱ्यांचा आवाज तुमच्या प्रबंधात कधीच येणार नाही.

मग मोजायचं कसं? फेरीची पद्धत

कॅनडाच्या लिसा गिव्हन आणि ग्लोरिया लेकी यांनी टोरांटो आणि व्हँकूवर इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत इतकी साधी आहे की आपल्याला कशी सुचली नाही असं वाटावं. ठरावीक वेळी, ठरावीक मार्गाने संपूर्ण ग्रंथालयात फेरी मारायची आणि कोण कुठे बसून काय करतंय, हे तयार तक्त्यात खुणा करून नोंदवायचं. कोणाला प्रश्न नाही, व्यत्यय नाही.

तुम्ही ही पद्धत वापरणार असाल, तर एवढं आधी ठरवा :

१. एकक काय? व्यक्ती मोजणार, आसन मोजणार, की गट?

२. नोंदीचे रकाने कोणते? 'वाचन' पुरेसं नाही. ग्रंथालयाचं पुस्तक, स्वतःचं पुस्तक, मोबाइल, बोलणं, झोप, खेळ, मदत मागणं : प्रत्येकाला वेगळा रकाना.

३. वेळा कोणत्या? सकाळ, दुपार, संध्याकाळ. कामाचा दिवस आणि रविवार. परीक्षेचा महिना आणि रिकामा महिना.

४. दोन निरीक्षकांच्या नोंदी जुळतात का? एकाच फेरीत दोघांनी स्वतंत्र नोंद करून ताडून पाहा. जुळत नसतील तर दोष माणसांत नसून बहुधा रकान्यांच्या व्याख्येत असतो.

५. परवानगी आणि नीतिनियम. ग्रंथालयाची लेखी परवानगी, संस्थेच्या समितीची मान्यता. नाव नाही, फोटो नाही. मुलांच्या विभागात तर दुप्पट काळजी.

आणि मर्यादाही लिहा. फेरीत माणूस काय करतोय ते दिसतं, का करतोय ते दिसत नाही. वय डोळ्यांनी अंदाजानेच कळतं, जात-वर्ग-शिक्षण तर अजिबात नाही, आणि कपड्यांवरून ते ठरवू नका. त्यासाठी मुलाखती घ्याव्या लागतील, आणि न येणाऱ्यांसाठी आजूबाजूच्या वस्तीत जावं लागेल. एकाच प्रश्नाकडे दोन-तीन पद्धतींनी पाहायचं, म्हणजे एका पद्धतीला न दिसलेलं दुसरीला दिसतं.

आपल्याकडे हा प्रश्न कुठे उभा राहतो?

ओदीचा आराखडा उचलून आपल्या शहरात ठेवता येणार नाही, पण प्रश्न उचलता येतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. इथली बहुसंख्य ग्रंथालयं संस्थांनी चालवलेली, शासनमान्य, अनुदानावरची. अ, ब, क, ड असे दर्जे आहेत, आणि दर्जा ठरवताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, वर्तमानपत्रं-नियतकालिकं अशा बाबींना वजन असतं. जे मोजलं जातं त्यासाठी पैसा येतो, आणि ज्यासाठी पैसा येतो तेच बांधलं जातं. 'भेटी' मोजायचा रकाना नसेल तर भेटीसाठी खोली कोण बांधेल? ग्रंथालयाच्या रचनेचा अभ्यास करताना अनुदानाचे नियम हेही तुमचं साधन आहे, ते विसरू नका.

दुसरा प्रश्न रोज डोळ्यांसमोर असतो : अभ्यासिका. पुणे असो वा तालुक्याचं गाव, सार्वजनिक वाचनालयातल्या खुर्च्या सकाळपासून स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींनी भरलेल्या असतात. समजा, एका वाचनालयात १२० खुर्च्या आहेत आणि तुमच्या सगळ्या फेऱ्यांत ११० च्या वर खुर्च्या भरलेल्या सापडल्या. आकड्याने हे यशस्वी केंद्र झालं. पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येकासमोर स्वतःची पुस्तकं, डोकं खाली, बोलणं शून्य. आणि संध्याकाळी पेपर वाचायला आलेल्या आजोबांना बसायला जागा नाही, लहान मुलांना 'आवाज नको' म्हणून बाहेर काढलेलं. हे हब आहे का?

चटकन 'नाही' म्हणू नका. दहा बाय दहाच्या खोलीत चौघांत राहणाऱ्या मुलीसाठी ती खुर्ची म्हणजे अभ्यासाची एकमेव जागा असू शकते. शेजारी वेगळ्या जिल्ह्यातली, वेगळ्या घरातली मुलगी रोज बसते. चहाच्या सुट्टीत नोट्सची देवाणघेवाण होते. आउदुन्सन यांच्या व्याख्येने ही जागा कमी तीव्रतेची, की सगळे एकाच ध्येयाचे म्हणून उच्च तीव्रतेची? मला हा प्रश्न खरंच उघडा वाटतो, आणि त्याचं उत्तर घरी बसून देता येत नाही. मोजावं लागेल, विचारावं लागेल. उत्तरावर बरंच अवलंबून आहे : नवी इमारत बांधताना अभ्यासिका आणि मुलांचा विभाग एकाच मजल्यावर असेल की दोन, हे कोणी तरी ठरवणारच आहे. तुमचा प्रबंध नसेल तर ते अंदाजाने ठरवतील.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य

आता सुरुवातीचं वाक्य पुन्हा लिहू. 'आधुनिक मध्यवर्ती ग्रंथालय हे समाजाचं केंद्र असतं' याऐवजी : 'अमुक शहरातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात वेगवेगळ्या वयाच्या आणि हेतूंच्या वाचकांमध्ये कोणत्या प्रकारच्या भेटी घडतात, आणि आसनांची मांडणी, वेळा व नियम यांचा त्या भेटींशी काय संबंध आहे?'

वाक्य लांबलं, थोडं कोरडंही झालं. पण त्यात ठिकाण आहे, लोक आहेत, मोजायची गोष्ट आहे, आणि उत्तर 'काहीच संबंध नाही' असंही येऊ शकतं. जो प्रश्न तुम्हाला चूक ठरवू शकत नाही, तो संशोधनाचा प्रश्न नसतो.

सुरुवात मोठी नको. या आठवड्यात जवळच्या वाचनालयात ग्रंथपालांना विचारून एक फेरी मारा. एक कागद, दहा रकाने, वीस मिनिटं. फेरी संपल्यावर कुठल्या रकान्यात एकही खूण पडली नाही, ते बघा. तिथून पुढचा प्रश्न सुरू होतो.